पोटमैत्रीण

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी लागली. छापखाना बंद पडल्यापासून लोक विचारायचे, सध्या काय चाललंय, आणि मी सांगायचे, आराम. त्या आरामाने मला पार दमवलं होतं. आता चाळिशी उलटून गेल्यावर पुन्हा डबा, पुन्हा गळ्यात ओळखपत्र, पुन्हा सकाळी बाथरूमवरून ताईशी वाद. आज जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होते. खालच्या मजल्यावरचा कुत्रासुद्धा भुंकला नाही, ऐकत राहिला.

घरही नवंच आहे. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक वेळा चालू. मागच्या खिडकीतून एका लाँड्रीची गच्ची दिसते, तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळत असतात. ताई खिडकीशी खुर्ची टाकून, रेडिओ लावून, त्या चादरींवर देखरेख करते. हे घर आम्ही मुद्दाम हॉस्पिटलच्या जवळ घेतलं. गेल्या वर्षी ताईला दुसऱ्याची किडनी बसवली. शरीर इतकं कृतघ्न, की जीव वाचवायला आलेल्या किडनीलाही ते परकं समजून हाकलायला बघतं. म्हणून ताईची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवणाऱ्या गोळ्या तिला जन्मभर घ्यायच्या आहेत. त्यांनी तिचे हात थरथरतात, म्हणून तिचा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी मी भरते. आई गेली तेव्हा मी वेण्या घालण्याच्या वयाची होते. त्या वेण्या ताईने घातल्या, शाळेची फीही तिनेच भरली. गोळ्यांचा डबा भरणं हे त्यापुढे काहीच नाही.

कंपनी प्रोबायोटिक कॅप्सूल बनवते. म्हणजे पोटात सोडायचे चांगले जिवंत जंतू. त्यांनी पोट सुधारतं आणि पोट सुधारलं की डोकं सुधारतं, असं इमारतीवर माणसापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. माझं काम हेल्पलाइनवर, येणारे फोन घ्यायचे. तिथे बसणाऱ्या प्रत्येकीचं नाव एकच: पोटमैत्रीण. मी आयुष्यभर प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने खोडल्या, आणि शेवटी माझं नाव काय झालं तर पोटमैत्रीण. ताई हसून हसून रडली. एरवी ती मला दुरुस्तीबाई म्हणते. कंपनीने सगळ्यांना हेल्पलाइनचा नंबर छापलेलं एक चुंबक दिलं, ते तिने लगेच फ्रिजवर चिकटवलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कामाची पद्धत शिकले. सकाळी आल्या आल्या मोबाइल लॉकरमध्ये टाकायचा. मग सगळ्यांनी कोंडाळं करून उभं राहायचं, हातात कोमट पाण्याचा कागदी ग्लास, आणि साहेबांनी मान डोलावली की कॅप्सूल गिळायची. याला इथे पहिला घोट म्हणतात. कॅप्सूल कर्मचाऱ्यांना फुकट, साध्या पांढऱ्या पाकिटात सुट्या मिळतात, घरी न्यायलासुद्धा. आपण घेतल्याशिवाय लोकांना कसं सांगणार, असं साहेबांचं म्हणणं. या साहेबांना मी मनातल्या मनात हसरे साहेब असं नाव दिलंय. हा माणूस शिंकतानाही हसतो.

तक्रार हा शब्द वापरायचा नाही. अनुभव म्हणायचं. माणसाला अनुभव आला की समोरचं पिवळं कार्ड वाचायचं. त्यावर असं आहे: नमस्कार, मी आपली पोटमैत्रीण. अभिनंदन. हे स्वागताचं लक्षण आहे. तुमच्या आत नवे पाहुणे रुळत आहेत. काळजीचं कारण नाही. डोस दुप्पट करा. गोड खावंसं वाटलं तर मन मारू नका.

मी विचारलं, एखाद्याला खरंच त्रास होत असेल तर कुठलं कार्ड? हसरे साहेब म्हणाले की कार्ड एकच आहे. त्यात वाचायचं सोपं पडतं.

आज एका माणसाने कळवलं की पोट फुगून पँटचं बटण लागत नाही. त्याचं अभिनंदन केलं. एका प्राध्यापिकेने सांगितलं की शिकवताना मध्येच धुकं आल्यासारखं होतं, वाक्य सुरू करते आणि शेवट सापडत नाही. तिचंही अभिनंदन केलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई बरी आहे, गोलमटोल, बोलघेवडी. तिला मी शेजारीण म्हणते. ती कार्डाकडे न बघता बोलते. तिला इथे बरीच वर्षं झाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

मानलं पाहिजे, कॅप्सूल काम करते. पोट हलकं. झोप गाढ. आज लिफ्टमध्ये एका बाईने जड पिशवी माझ्या पायावर टेकवली तर मी तिला जागा करून दिली. ताई म्हणाली की माझ्या अंगातलं कुणीतरी बाहेर पडलेलं दिसतंय. मी म्हटलं, उलट, आत गेलंय.

मग तिने ते विचारलंच. इतक्या गोळ्यांनी तिच्या पोटाची पार वाट लागली आहे. मला बरं वाटतंय तर एखादी कॅप्सूल तिलाही द्यावी, एवढंच तिचं म्हणणं. मी सरळ नाही म्हटलं. किडनीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, ताईला कच्चं नको, शिळं नको, आणि जिवंत जंतू असलेलं तर काहीच नको. तुमच्या-माझ्या पोटात जो जंतू गुपचूप नांदतो, तोच हिच्या रक्तात शिरला तर त्याला अडवायला आत कुणी नाही. ताईला मी सांगितलं, पाकिटाला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. ती म्हणाली, आधीच थरथरतोय, मोडलास तर निदान स्थिर राहील.

हसलो दोघी. पण पाकीट मी माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

गोड खावंसं वाटतं. मला, जिला बिनसाखरेची कॉफी पिते म्हणून छापखान्यात कडू काकी म्हणायचे. आज मधल्या सुट्टीत मी साखरेच्या पुड्या तशाच फोडून तोंडात टाकल्या. शेजारणीने पाहिलं आणि आपल्याही पुड्या पुढे सरकवल्या. पोट तंबोऱ्यासारखं झालंय.

शेजारणीने एक गंमत सांगितली. परवा घरी तिच्या नवऱ्याने सांगितलं की त्याची आई पडली, पाय दुखावला. आणि ही त्याला म्हणाली, अभिनंदन. नवरा दोन दिवस बोलत नाहीये. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

दुपारी बैठक होती. हसरे साहेब बोलता बोलता थांबले, खोली शांत झाली, आणि कुणाचं तरी पोट गुरगुरलं. मग दुसऱ्याचं. मग सगळ्यांचं, एकामागून एक नव्हे, एकत्र, एका सुरात. माझंही त्यात होतं. कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा मुद्दा घेतला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज चहा करताना ताईकडे ते मागितलं. ते, ज्यातून चहा ओततात, जाळी असते त्याला. शब्द आठवेना. मी हाताने खुणा करत उभी आणि ताई गंमत समजून ओळखायचा खेळ खेळत बसली. शेवटी तिने गाळणं हातात दिलं. गाळणं. मला घाम फुटला होता. शब्द हीच माझी सगळी कमाई आहे. दागिने नाहीत, नवरा नाही, घर भाड्याचं. पण बोलताना मी कधी अडले नाही.

हे आज पहिल्यांदा नव्हतं. परवा लिफ्टमध्ये आपला मजला कुठला ते आठवेना. मी दार उघडं धरून उभी राहिले.

साहेबांना सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी माझा हात हातात घेतला. अभिनंदन म्हणाले. पाहुणे वरपर्यंत पोचले म्हणाले. मी रोज शंभर लोकांना हेच ऐकवते, आणि तरीही मला बरं वाटलं. हीच तर लाजेची गोष्ट आहे. आयुष्यभर छापील शब्दाची चूक काढणारी मी, पिवळ्या कार्डावर छापलंय म्हणून विश्वास ठेवला. डोस दुप्पट केला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दुप्पट डोसने एक होतं. घेतल्यावर थोडा वेळ शब्द येतात. भराभर येतात, अडत नाहीत. फक्त ते सगळे कार्डावरचे असतात.

आज एक बाई फोनवर रडत होती. तिचा मुलगा परीक्षेत कोरा पेपर देऊन आला, म्हणाला की डोक्यात काही नव्हतंच. मी कार्ड वाचलं. ती आणखी रडली. मी पुन्हा वाचलं. फोन ठेवल्यावर मी वाट बघितली की आता मला वाईट वाटेल. वाटलं नाही. आत नुसतं कोमट होतं. संध्याकाळी साहेबांनी माझ्या ओळखपत्रावर चांदणी लावली, सगळ्यांत शांत पोटमैत्रीण म्हणून. टाळ्या वाजल्या. मी वाकून नमस्कार केला.

घरी येताना ठरवलं, बास. उद्यापासून नाही.

शनिवार, १ मार्च

काल घेतली नाही. पहिल्या घोटाला गालात धरली आणि बाथरूममध्ये थुंकली. दुपारपर्यंत अंगाला कापरं भरलं. पोट आवळून आलं, आत कुणीतरी लाथा झाडतंय असं. शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, पोटाकडे. आणि मान हलवली, लहान मुलाला रागवावं तशी.

आज सकाळी घरी फळीवरचं पाकीट काढलं. एक घेतली. मग अजून एक. लगेच बरं वाटलं. ताई म्हणाली, तुझा चेहरा उतरलाय, डॉक्टरकडे जा. मी तिला म्हणाले, काळजीचं कारण नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली की हे वाक्य माझं नाही. मी कधी कुणाला काळजी करू नको असं म्हटलेलंच नाही, उलट मी काळजी कमी केली म्हणून लोकांना रागवते.

रविवार, २ मार्च

ताईचा डबा भरला. छान भरला. सगळे खण सारखे दिसतात. बघत राहावंसं वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च

ताई आज खुशीत होती. पोट सुधारलंय म्हणाली. माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, बरं केलंस, शेवटी विचारलंस डॉक्टरांना. मी हो म्हटलं. काय विचारलं होतं ते आठवेना. विचारलं असेल काहीतरी. हल्ली मी हो म्हणते, त्यात सोपं पडतं.

फळीवरचं पाकीट लवकर संपलं. ऑफिसमधून दुसरं आणलं.

मंगळवार, ११ मार्च

आज पुन्हा चांदणी.

एकच फोन लक्षात राहिला. वयस्कर बाई होती. आवाज मऊ, थकलेला. कुठेतरी ऐकल्यासारखा, पण आता सगळेच आवाज ऐकल्यासारखे वाटतात. सकाळपासून थंडी वाजते म्हणाली, दात वाजतात, ताप आहे. दुसऱ्या कुणाचा त्रास नको म्हणून आधी इथे विचारते, असं म्हणाली. कॅप्सूल थांबवू का? मी कार्ड वाचलं. अभिनंदन. स्वागताचं लक्षण. दुप्पट करा.

 तिच्या मागे कुठेतरी रेडिओ चालू होता. मग म्हणाली, "बरं बाई, तू म्हणतेस तर."

ग्राहक आम्हाला तू म्हणत नाहीत. गंमत वाटली. शेजारणीला सांगायला वळले, तोवर काय सांगायचं ते गेलं.

बुधवार, १२ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. हात सरळ चालत नाही.

काल घरी गेले तर दिवे बंद. रेडिओ चालू. ताई खुर्चीत, दोन गोधड्या घेऊन, आणि खुर्ची वाजत होती इतकी ती थरथरत होती. अंग तव्यासारखं. मी विचारलं, मला का नाही कळवलंस. ती म्हणाली की मोबाइल तू उचलत नाहीस, म्हणून फ्रिजवरचा नंबर लावला.

"तूच तर होतीस गं फोनवर. तू म्हणालीस दुप्पट कर, म्हणून केल्या."

तिने माझा आवाज ओळखला. पहिल्या शब्दाला ओळखला. मी तिचा —

ज्या आवाजाने मला बाराखडी शिकवली.

तिला वाटलं, सगळ्यांसमोर बहीण म्हणून बोलता येत नसेल, म्हणून मी परक्यासारखी बोलते. माझ्या नोकरीला धक्का नको, म्हणून तिनेही ओळख दाखवली नाही. आणि मी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. दुरुस्तीबाई चुकत नाही.

डबा उघडून बघितला. उरलेल्या प्रत्येक खणात तिच्या गोळ्या. आणि प्रत्येक खणात, नीट मधोमध, माझ्या हाताने ठेवलेली कॅप्सूल.

मला ठेवल्याचं आठवत नाही. आठवत नाही. पण असं मधोमध मीच ठेवते.

गुरुवार

ताईला काचेच्या पलीकडे ठेवलंय. तोंडात नळी आहे. ती बोलू शकत नाही, म्हणजे आता सांगू शकणारी मी एकटीच.

किडनीचे डॉक्टर आले. चांगला माणूस आहे, समोर बसून बोलतो. म्हणाले, रक्तात एक जंतू सापडतोय, पण तो असा निरुपद्रवी की तपासणीत बाहेरून मिसळला असावा असंच वाटतं. खरा शत्रू दुसराच कुणी असेल, ते शोधताहेत, त्याच्यावर औषधं चालू आहेत. त्यांनी दोनदा विचारलं. तिने नवीन काही घेतलं होतं का. दुधाचं आंबवलेलं काही, कुठली पावडर, काहीही. हे कळलं तर औषध बदलता येईल. वेळ कमी आहे.

मला सगळं माहीत होतं. सगळं, जिभेच्या टोकावर. मी तोंड उघडलं.

मी म्हणाले, अभिनंदन.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवला. नर्सला सांगितलं की यांना पाणी द्या, धक्का बसलाय.

मला ओरडायचं होतं. पोट गुरगुरलं. ऐकू येईल इतकं.

गुरुवार, नंतर

हेल्पलाइनला फोन लावला. शेजारणीला सांगावं, तिने डॉक्टरांशी बोलावं. तिला शब्द येतात.

तिनेच उचलला. मी आहे म्हटलं, मी, तुझ्या शेजारी बसते ती. माझी बहीण मरतेय, तुमच्या — आपल्या —

तिने सुरुवात केली. नमस्कार, मी आपली पोटमैत्रीण.

तिने मला ओळखलं नाही. मी कशाला बोलू तिला.

पुढचा दिवस

डबा दाखवायचा. बोलायला नको, नुसता दाखवायचा. घरी गेले. डबा घेतला. उरलेल्या खणांत कॅप्सूल होत्या, त्या दाखवल्या की झालं. हे सुचलं तेव्हा किती दिवसांनी मी मला भेटले.

रस्ता सरळ आहे. लाँड्री, मग औषधाचं दुकान, मग ते, ज्यावरून रस्ता ओलांडतात ते. घरापासून काही लांब नाही. मुद्दाम जवळ घेतलं होतं.

पोचले तेव्हा डबा उघडा होता. तोंड कोरडं, जिभेवर ते पातळ कातडं चिकटलेलं, कॅप्सूलचं.

मी खाल्ल्या. चालता चालता. एकेक खण.

कप्पा कप्पा शोधली पर्स. अस्तरात एक सापडली.

एक.

मुठीत धरलीये. घाम येतो. मूठ उघडायची नाही डॉक्टर येईपर्यंत.

तोच दिवस

नर्स म्हणाली प्रकृती — बोट असं खाली केलं तिने.

काचेतून ताईचे हात दिसतात. थरथरत नाहीत. मी मोडले नाहीत तरी आता स्थिर आहेत.

ती म्हणाली होती. आम्ही हसलो होतो.

मला राग येत होता पूर्वी. छान राग होता माझा. तो असता तर मी ही काच फोडली असती, डॉक्टरांची कॉलर धरली असती, त्या हसऱ्याच्या तोंडात ते कार्ड कोंबलं असतं. आता आत सगळं कोमट. त्या पाहुण्यांनी आधी तोच खाल्ला. मग शब्द.

लिहिता येतंय तोवर लिहून दाखवते. हे पान डॉक्टरांना.

डॉक्टरांसाठी

डॉक्टर, हे वाचा. मी बोलते त्याकडे लक्ष देऊ नका, हे वाचा. मी या पेशंटची धाकटी बहीण. तिच्या रक्तातला जंतू बाहेरून मिसळलेला नाही. तोच खरा आहे. तो मी दिला. तो आमच्या कंपनीच्या — पोटात सोडतात ते — मी तिच्या डब्यात —

तो जंतू म्हणजे

तो म्हणजे आपल्या आतला नवा पाहुणा

नाही. खोडलं. पुन्हा.

डॉक्टर, माझ्या ताईला ताप आहे कारण मी तिला

ताप हे स्वागताचं लक्षण आहे. थंडी हे स्वागताचं लक्षण आहे. काळजीचं

नाही नाही. ताई, थांब. मी लिहिते. ताई थांब गं.

पेन चालतं पण ते लिहितंय मी नाही —

नर्स दारात आली. आतल्या पेशंटचं कोण आहे म्हणते. डॉक्टर आलेत, लगेच चला म्हणते. आता फक्त जाऊन मूठ उघडायची. एवढंच. बोलावंही लागणार नाही.

पण विचारलं काय आहे हे, तर सांगायला हवं ना. नीट सांगायला हवं. घेतल्यावर थोडा वेळ येतात शब्द. अडत नाहीत. मुठीतली ही एक आधी घेते, म्हणजे मग डॉक्टरांना सगळं —